आमचे साडू आणि पाणघोडा

आमच्या थोरल्या साडूंइतका गंभीर माणूस सबंध ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नाही, असं मी पूर्वी ठामपणे सांगत असे आणि आजही सांगतो. फक्त आता वाक्य पुरं झाल्यावर थोडं थांबून एवढं जोडावं लागतं, की हा माणूस रोज दुपारी दार लोटून, पंखा दोनवर ठेवून, एका पाणघोड्याची लहान मुलांची मालिका बघत असे. आणि नुसती बघत नाही, तर तिच्यासंबंधी पोलंड, ब्राझील आणि जपान या तीन देशांशी रीतसर पत्रव्यवहार ठेवून होता.

साडू वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्यांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण खातं त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. भिवंडीच्या बाजारात ते पिशवी घेऊन शिरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत तराजू आपोआप सरळ होतात. लग्नात पंगतीला बसले की बुंदीचा लाडू आधी तळहातावर घेतात, क्षणभर डोळे मिटतात, "अडतीस ग्रॅम" असं स्वतःशीच म्हणतात आणि मगच तो तोंडात घालतात. मी संशयी माणूस. एकदा त्याच पंगतीतला त्याच ताटातला लाडू रुमालात गुंडाळून घरी आणला आणि शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर ठेवला. अडतीस भरला. आमच्या मुलाच्या बारशाला त्यांनी बाळाला दोन्ही हातांवर उचललं, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता काकांच्या डोळ्यांत पाणी येणार. साडू म्हणाले, "कागदावर लिहिलंय त्यापेक्षा साठ ग्रॅम कमी आहे. काटा तपासून घ्यायला सांगा."

त्यांना निरुत्तर केलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. वज्रेश्वरीपलीकडच्या पाड्यावरची एक म्हातारी पावसाळ्यात कंटोळी घेऊन नाक्यावर बसते. सुपारीएवढी हिरवीगार कंटोळी, आणि पानावर मांडलेले त्यांचे लहान लहान वाटे. साडूंनी विचारलं, "आजी, तराजू कुठाय तुमचा?" म्हातारीने वर न बघताच सांगितलं, "वाट्याला तराजू न्हाय लागत, साहेब. हात हाय." साडू पाच मिनिटं तिथेच उभे राहिले. कुठलाही नियम आठवेना. शेवटी तीन वाटे घेतले, घरी नेऊन मोजले आणि मला फोन करून हळूच सांगितलं, "मास्तर, तिन्ही सारखे भरले. कुणाला बोलू नका." मी शाळेत शिकवतो म्हणून मी मास्तर. माझं नाव त्यांना आठवतं की नाही, याची मला शंका आहे.

तर अशा या माणसाकडे तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात पुण्याची नात राहायला आली. सुनेने बजावलं होतं, की मूल टीव्हीवर काय बघतं त्यावर मोठ्या माणसाने लक्ष ठेवावं. निरीक्षकाला लक्ष ठेवायला सांगणं म्हणजे मासळीच्या टोपलीशेजारी मांजर राखणीला बसवणं. साडू पहिल्याच दिवशी वही-पेन घेऊन नातीशेजारी जाऊन बसले.

मालिका कुठल्याशा थंड देशात तयार झालेली, आपल्याकडे हिंदीत येते. मोपू नावाचा एक पाणघोडा नदीकाठी एका खोलीच्या घरात राहतो. रोज कुणीतरी त्याच्याकडे चहाला येतं, काहीतरी फोडतं किंवा सांडतं आणि निघून जातं. मोपू म्हणतो, "अच्छा." आणि भाग संपतो. बस. यापलीकडे काहीही घडत नाही. कुणी धडा शिकत नाही, कुणी कुणाला वाचवत नाही. एक कासवीण मात्र आहे. ती पहिल्या भागात मोपूकडे चहाला यायला निघाली, आणि दर भागात अर्धा मिनिट तिला दाखवतात. ती चालतेच आहे.

साडूंनी पहिल्या पानावर शेरा लिहिला : "तात्पर्य नाही." मग त्यांना चुका सापडू लागल्या. बगळ्याने सोमवारी फोडलेला कप बुधवारी फडताळात दिसतो. नदी एका भागात डावीकडून उजवीकडे वाहते आणि दुसऱ्यात उलटी. महिनाभरात वही भरली. जूनमध्ये नात परत गेली, तिला पुण्यात दुसरंच काहीतरी आवडायला लागलं. साडूंनी दुसरी वही आणली.

दिवाळीच्या सुमारास मला ताईंचा निरोप आला. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची पत्नी. गुडघ्यांमुळे त्या फारशा बाहेर पडत नाहीत, पण आवाज खणखणीत. मी गेलो तेव्हा साडू बाजारात गेले होते. ताईंनी चहा पुढे ठेवला आणि पदराने उगाचच टेबल पुसत म्हणाल्या, "भाऊजी, यांचं काहीतरी वेगळं चाललंय."

"म्हणजे काय?"

"जन्मभर प्रत्येक गोष्टीला 'का' विचारणारा माणूस. हल्ली काही सांगितलं तर 'अच्छा' म्हणतात. परवा दूध उतू गेलं, तरी अच्छा. आणि रविवारी साडेचारला दार आतून लावून घेतात. आत बाईचा आवाज येतो. इंग्रजीत बोलते."

मी चहाचा कप खाली ठेवला. साडू आणि बाई हे दोन शब्द एका वाक्यात बसवणं मला व्याकरणदृष्ट्यासुद्धा जमत नव्हतं.

"ताई, या वयात काहीतरीच."

"मला बाईचं काही वाटत नाही," ताई म्हणाल्या. "पण हे हसत होते, भाऊजी. मोठ्याने. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तसं हसणं मी ऐकलेलं नाही. मी दाराबाहेर उभी होते, आणि मला कळेना की दार वाजवावं की नको."

पुढच्या रविवारी साडेचारला मी मुद्दाम गेलो आणि दार वाजवलं. आतलं हसणं एकदम बंद झालं. दार बोटभर उघडलं, साडूंनी मला ओळखलं, मनगटाला धरून आत ओढलं आणि पुन्हा कडी घातली. समोर लॅपटॉपवर चौकटी होत्या. एका चौकटीत लष्करी ठेवणीच्या बांध्याची एक गोरी बाई, दुसऱ्यात पांढरा डगला घातलेला एक गुटगुटीत माणूस, तिसऱ्यात एक अतिशय सभ्य जपानी म्हातारे. म्हाताऱ्यांच्या डोक्यावर पाणघोड्याच्या कानांची टोपी होती.

"हे निवृत्त न्यायाधीश आहेत," साडू माझ्या कानाशी म्हणाले. "टोपी काढायला सांगू नका. ते न्यायालयातही इतके गंभीर नव्हते म्हणतात."

मग सगळी हकिकत बाहेर आली. साडूंनी मालिकेतल्या बहात्तर चुकांची यादी करून तिच्या चाहत्यांच्या गटाला इंग्रजीत पाठवली होती. इंग्रजी अर्थातच खात्याचं : "With reference to the subject cited above", पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. त्यांना वाटलं होतं, आता खुलासे येतील. आलं ते प्रेम. जगभर ही मालिका मोठी माणसंच जास्त बघतात, हे साडूंना तेव्हा कळलं. कुठे सभागृहं भरतात, कुठे लोक मोपूचं चित्र असलेल्या कपातून कचेरीत चहा पितात, कुठे लग्नात नवरा-नवरी एकमेकांना "अच्छा" म्हणतात, अर्थात त्यांच्या त्यांच्या भाषेत. पण इतकं बारीक बघणारा माणूस कुठल्याच देशात निघाला नव्हता. लोक त्यांना "इन्स्पेक्टर साहेब" म्हणू लागले. 'साहेब' हा शब्द पांढऱ्या डगल्यातल्या त्या ब्राझीलच्या दंतवैद्याला इतका आवडला, की तो आता पेशंटनाही साहेब म्हणतो.

"पण ताईंना सांगा ना," मी म्हटलं.

साडूंचा चेहरा पडला. "काय सांगू, मास्तर? ज्या हातांनी भल्याभल्यांचे तराजू जप्त केले, त्या हातांनी मी पाणघोड्याचे कप मोजतोय, असं सांगू? तिच्यासमोर माझी काही पत आहे. तेवढी एकच राहिलीय."

त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मी ते पाळलं, आणि त्यामागे केवळ सज्जनपणा नव्हता हे इथे कबूल करतो. बघायचं कसं ते त्यांनी मला दाखवलं होतं, आणि मी घरी येऊन, बायको झोपलेली असताना दुपारीच, आवाज बंद करून नऊ भाग पाहिले होते. ताईंना मी एवढंच सांगितलं, की काळजीचं कारण नाही, ते एक सरकारी स्वरूपाचं काम आहे. ताईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की खोटं वजन ठेवताना पकडल्या गेलेल्या दुकानदाराला काय वाटत असेल ते मला नेमकं कळलं. त्या दिवसापासून त्या साडूंशी कामापुरतंच बोलू लागल्या. जेवण वेळेवर वाढायच्या, बोंबील तसेच कुरकुरीत तळायच्या, पण वाढून झालं की आत जायच्या. साडूंच्या हे लक्षात आलं होतं. पण भाजी दहा ग्रॅम कमी असेल तर ओळखणाऱ्या माणसाला घरात नेमकं काय कमी झालंय, ते कसं विचारायचं हे ठाऊक नव्हतं. ते आपले "अच्छा" म्हणत राहिले, आणि त्याने प्रकरण आणखी चिघळलं.

अशात जानेवारीत पोलंडच्या बाईंनी जाहीर केलं, की त्या गोव्याला येत आहेत आणि वाटेत एक दिवस भिवंडीला उतरणार आहेत. त्यांचं नाव हन्ना. शहरात बस चालवतात. गोव्याच्या वाटेवर भिवंडी येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. साडूंनी तीन दिवस विचार केला आणि आदल्या संध्याकाळी ताईंना सांगितलं, "उद्या जेवायला एक माणूस वाढेल. परदेशी आहे."

"बाई की पुरुष?" ताईंनी विचारलं.

"बाई."

"अच्छा," ताई म्हणाल्या. साडू मला सांगत होते, की त्या एका शब्दाने त्यांना रात्रभर झोप लागली नाही.

हन्नाबाई अकराला येणार होत्या, त्या दीडला आल्या. वळ गावाजवळच्या गोदामांपाशी दोन कंटेनर तोंडाला तोंड लावून अडकले होते. टॅक्सीत तासभर बसून कंटाळलेल्या हन्नाबाई खाली उतरल्या, रस्त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि हातांनी खुणा करून त्यांनी दोन्ही ड्रायव्हरांना मागे-पुढे घेतलं. त्यांना घेऊन आलेला टॅक्सीवाला आमच्या आळीत उभा राहून ज्याला त्याला सांगत होता, "मॅडम ने जाम खोल दिया. ऐसा हवालदार मैंने आज तक नहीं देखा." सहा फूट उंचीची ती बाई दारात वाकली, ताईंच्या पायांशी बसून बूट काढू लागली, आणि नाड्या सोडता सोडता ताईंचा चेहरा असा निरखू लागली, जणू फार दिवसांची ओळख आहे. ताईंनी पाणी दिलं. पाणी देण्यात त्यांनी काही उणं ठेवलं नाही. हसणं तेवढं राखून ठेवलं.

जेवताना हन्नाबाईंनी अकरा बोंबील खाल्ले, हे साडूंनी मोजलं आणि मीही. नंतर पाहुणीला काय दाखवायचं हा प्रश्न आला. साडूंनी यंत्रमाग सुचवले, माझ्या बायकोने देऊळ. ताई इतक्या वेळात पहिल्यांदा बोलल्या, "अकलोलीला जाऊ. माझ्या गुडघ्यांना शेक तरी मिळेल." म्हणून आम्ही पाच जण भाड्याच्या गाडीने अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो.

तिथे पोचल्यावर साडूंनी खिशातून थर्मामीटर काढलं आणि सगळ्या कुंडांची तपासणी करायला निघून गेले. माझी बायको प्रसादाचं बघायला गेली. ताई आणि हन्नाबाई एका कुंडाच्या कडेला पाण्यात पाय सोडून बसल्या, आणि दोघींमध्ये दुभाषा म्हणून मी. वाफ येत होती. मग ताई समोर बघतच म्हणाल्या, "भाऊजी, हिला विचारा, आमचे हे हिच्याशी काय बोलतात म्हणावं. खरं खरं विचारा. आणि या वेळी सरकारी उत्तर देऊ नका."

मी विचारलं. हन्नाबाईंचं इंग्रजी त्यांच्या बससारखं प्रत्येक थांब्यावर थांबत होतं, त्यामुळे भाषांतर करायला मला पुरेसा वेळ मिळाला. त्या म्हणाल्या, मी दिवसभर माणसं नेते-आणते, कुणी माझ्याशी बोलत नाही. घरी कुणी नाही. संध्याकाळी मोपू बघते. मोपू म्हणजे काय, हे मला ताईंना तिथेच समजावून सांगावं लागलं. पाणघोडा, चहा, कप, सगळं. इतके महिने झाकून ठेवलेली साडूंची अब्रू मी त्या गरम पाण्यात सोडून दिली.

"पाणघोडा?" ताई म्हणाल्या. "दार लावून पाणघोडा बघत होते?"

"आणि त्यात एक कासवीण आहे," हन्नाबाई सांगत होत्या. "ती चहाला निघालीय, अजून पोचलेली नाही. आमच्या गटात एकदा चर्चा निघाली, की ती आपल्याला इतकी का आवडते. प्रत्येकाने काहीबाही सांगितलं. इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, ती माझी पत्नी आहे."

ताईंचे पाय पाण्यात थांबले. "मला कासव म्हणाले?"

मी घाईघाईने पुढचं विचारलं. हन्नाबाईंनी पर्स उघडून फोन काढला. साडूंनी त्या दिवशी गटावर लिहिलेला मजकूर त्यांनी जपून ठेवला होता. तो त्यांनी मला वाचायला दिला. इंग्रजी तेच, खात्याचं. मी जमेल तसं मराठीत वाचत गेलो, आणि त्या भाषेची मराठीही खात्याचीच झाली.

"सदरहू इसम तीस वर्षे फिरतीच्या नोकरीवर होता. शनिवारी घरी येई व सोमवारी जाई. मुलाचे शिक्षण, सासूचे आजारपण, घराची डागडुजी ही सर्व कामे पत्नीने एकटीने पार पाडली. ती सर्व काळ सदर इसमाच्या दिशेने चालत होती. सदर इसमाने खिडकीबाहेर पाहिले नाही. आता तिचे गुडघे दुखतात. याबद्दल खेद आहे. ही बाब तिला समक्ष कशी कळवावी, याबाबत मार्गदर्शन व्हावे."

"मग?" ताईंनी विचारलं. "मार्गदर्शन केलं कुणी?"

"आम्ही सगळ्यांनी केलं," हन्नाबाई म्हणाल्या. "न्यायाधीशांनी तर आदेशच दिला, की आजच सांगा. पण ते दर रविवारी म्हणायचे, पुढच्या आठवड्यात. म्हणून मी आले."

ताईंनी ओंजळीने पाणी घेऊन गुडघ्यावर सोडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं. तेवढ्यात साडू थर्मामीटर झटकत आले आणि उभ्या उभ्या अहवाल देऊ लागले, "ते पलीकडचं कुंड यापेक्षा तीन अंशांनी जड आहे."

"बसा इथं," ताई म्हणाल्या.

"आता?"

"पाय सोडा पाण्यात."

"मोजे आहेत."

"मग काढा ते."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, हन्नाबाईंच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. त्यांनी खाली बसून मोजे काढले, नीट घडी करून बुटात ठेवले, आणि ताईंच्या शेजारी पाय पाण्यात सोडले. मी दुभाषेपणाचा राजीनामा देऊन उठलो. हन्नाबाईही उठल्या. जाता जाता मला एवढंच ऐकू आलं, की ताई विचारत होत्या, "त्यात 'सासूचं आजारपण' लिहिलंत. तीन वर्षं होतं ते. लिहिलंत का तीन वर्षं?" आणि साडू म्हणत होते, "राहून गेलं. दुरुस्ती पाठवतो."

पुढच्या रविवारी साडेचारला दार उघडं होतं. ताई खुर्ची घेऊन आत बसल्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी दंतवैद्याला दात घासण्याविषयी दोन गोष्टी सुनावल्या, न्यायाधीशांची टोपी धुवायला झाली आहे हे सांगितलं, आणि मालिकेबद्दल मत दिलं, की बगळ्याला कुणी वळण लावलेलं नाही. माझीही एक खुर्ची ठरली. बायकोला सांगितलं, मी शिकवणीला जातो. ती म्हणाली, "मोपूला माझाही नमस्कार सांगा." मी आवाज बंद करून बघत असे, पण हसू बंद करता आलं नव्हतं म्हणे.

मालिका गेल्या वर्षी बंद झाली. करणारी माणसं थकली असतील, किंवा त्यांना दुसरं काही सुचलं असेल. जगभरचे लोक आठवडाभर हळहळले. कुठे कुठे मेणबत्त्या लावल्या, आणि मग त्यांनी दुसऱ्या मालिका धरल्या. न्यायाधीश आता येत नाहीत. त्यांच्या मुलीने एकदा त्यांच्याऐवजी चौकटीत येऊन, मान वाकवून, आमच्या सगळ्यांचे आभार मानले होते. उरलेले रविवारी जमतात खरे, पण बोलायला पाणघोडा नाही. मग हवेचं बोलतात, बसचं बोलतात, ताईंच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेची चौकशी होते.

परवाच्या रविवारी मला जरा उशीर झाला. आळीतल्या मागांची खटखट चालू होती. दार उघडंच होतं. आत गेलो तर साडू खुर्चीतच झोपी गेलेले. मान छातीवर, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि बारीक घोरणं. लॅपटॉप समोर चालूच. ताईंनी ओठांवर बोट ठेवून मला बसायची खूण केली. मी बसलो. पलीकडे ब्राझीलमध्ये दंतवैद्य आवाज न करता पाव खात होता. पोलंडमध्ये हन्नाबाई गुंडी शिवत होत्या. दोघांनाही बंद करून जाता आलं असतं. मी खोकणार होतो, तर हन्नाबाईंनी सुई वर धरून मला तिकडूनच दटावलं. मग आम्ही चौघे, तीन देशांतले, ते जागे होईपर्यंत तसेच गप्प बसून राहिलो.